उलट फोन लावणारा सर्व्हर: युनिक्सवरील डायल-अप आणि कॉलबॅक

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एक लहान कारखाना आहे असे समजू. त्याच्या कार्यालयात लिनक्सवर, म्हणजे युनिक्सच्या कुळातल्या एका प्रणालीवर, चालणारा एक सर्व्हर आहे. मालाचा साठा, बिले आणि कामगारांचे पगार असे सगळे हिशेब त्याच्यावर आहेत, आणि तो सांभाळणाऱ्या बाई नेरूळला राहतात. रात्री उशिरा काही बिघडले, किंवा जुलैतल्या एखाद्या दिवशी रुळांवर पाणी साचून गाड्या थांबल्या, तर त्यांना घरूनच त्या सर्व्हरपर्यंत पोहोचता आले पाहिजे. आज बहुतेक ठिकाणी हे काम इंटरनेटवरून, सांकेतिक आवरणाखाली होते. परंतु लहान कार्यालयांना चोवीस तास इंटरनेट परवडत नव्हते त्या काळात हेच काम टेलिफोनच्या साध्या तारेवरून होत असे. इंटरनेटची जोडणीच तुटली तर यंत्रापर्यंत जायला वेगळी वाट हवी, म्हणून काही ठिकाणी राउटरच्या कन्सोलला, म्हणजे त्याच्या देखभालीच्या पोर्टला, मोडेम (संगणकाला टेलिफोनच्या तारेशी जोडणारे खोके) जोडून ठेवण्याची पद्धत पुढेही टिकून राहिली.

या वाटेची मोठी अडचण अशी की टेलिफोनचा नंबर कोणीही फिरवू शकतो. एकामागून एक नंबर लावत जाऊन कोणत्या नंबरावर माणसाऐवजी मोडेम उत्तर देतो, याची यादी तयार करणारे प्रोग्राम १९८०च्या दशकापासून उपलब्ध होते. तुमचा नंबर छापील यादीत नसला तरी तो अशा शोधातून सापडतो, आणि मग तुमच्या हिशेबांच्या व परक्या माणसाच्या मध्ये फक्त एक पासवर्ड उरतो. कॉलबॅक, म्हणजे उलट फोन लावण्याची पद्धत, ही या अडचणीवर काढलेली तोड आहे. ती वरवर फारच सोपी दिसते, पण तिच्यातले दोन-तीन बारकावे चुकले तर तिच्यापासून मिळणारे संरक्षण जवळजवळ शून्य होते. म्हणून हा लेख मांडणीपेक्षा त्या बारकाव्यांवर अधिक रेंगाळणार आहे.

कल्पना अशी आहे. बाई घरून कार्यालयाचा नंबर लावतात, सर्व्हर फोन उचलतो, आणि त्या आपले नाव व पासवर्ड सांगतात. सर्व्हर ती माहिती तपासतो, परंतु आत घेत नाही. तो फोन ठेवून देतो, आपल्याजवळच्या वहीत त्या नावापुढे नोंदवलेला घरचा नंबर पाहतो, आणि थोड्या वेळाने स्वतःहून त्या नंबरावर फोन लावतो. घरचा मोडेम तो फोन उचलतो, पासवर्ड पुन्हा विचारला जातो, आणि मगच खरे काम सुरू होते. बँकेतून बोलतो असे सांगणाऱ्याचा फोन आला की तो कापून बँकेच्या पासबुकावर छापलेल्या नंबरावर आपण स्वतः फोन करावा, असा सल्ला दिला जातो, त्यामागचे तत्त्व हेच आहे. समोरचा कोण आहे हे त्याच्या बोलण्यावरून ठरवायचे नाही; आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या ठिकाणी आपण स्वतः जायचे. नुसता पासवर्ड ‘तू कोण आहेस’ एवढेच विचारतो, तर कॉलबॅक त्याच्या जोडीला ‘तू कुठे आहेस’ हेही तपासतो.

या पद्धतीचा दुसरा फायदा पैशांचा आहे. पहिला फोन अर्ध्या-एक मिनिटात संपतो आणि पुढचे तासभराचे काम कार्यालयाच्या बिलावर चढते. अनेक कार्यालयांनी कॉलबॅक स्वीकारला तो खरे तर याच कारणासाठी, आणि इथेच एक गोंधळ शिरला. खर्च वाचवण्यासाठी लावलेला कॉलबॅक बहुधा फोन करणाऱ्यालाच विचारतो, की ‘तुम्हाला कोणत्या नंबरावर उलट फोन करू?’ फिरतीवर असणाऱ्या माणसाला ते सोयीचे असते, पण त्याने सुरक्षितता काडीचीही वाढत नाही, कारण पासवर्ड चोरलेला माणूसही स्वतःचाच नंबर सांगेल. सुरक्षिततेसाठी लावलेल्या कॉलबॅकमध्ये नंबर नेहमी सर्व्हरच्या वहीतूनच यायला हवा. या दोन गोष्टींना एकच नाव आहे, म्हणून त्या एकच आहेत असे मानणे फार महागात पडते.

तार आणि मोडेम

टेलिफोनची यंत्रणा माणसाच्या आवाजासाठी बांधलेली आहे. तिच्यातून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ इतक्याच पट्ट्यातले आवाज नीट जातात. संगणकाचे शून्य आणि एक यांचे या पट्ट्यात बसणाऱ्या आवाजात रूपांतर करणे आणि दुसऱ्या टोकाला त्यांचे पुन्हा शून्य-एक करणे, हे मोडेमचे काम. १९९८ मध्ये मान्य झालेल्या व्ही-९० या मानकामुळे मोडेमच्या खोक्यावर ५६ के असे झळकू लागले, पण आपल्या उदाहरणात तो वेग मिळणार नाही हे आधीच समजून घ्यावे. तो वेग एका बाजूची जोडणी एक्सचेंजशी थेट डिजिटल असेल तरच, आणि त्या बाजूकडून येणाऱ्या दिशेलाच मिळतो. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे तशी जोडणी असे. वागळे इस्टेटमधला कारखाना आणि नेरूळचे घर या दोन्हीकडे साधी तांब्याच्या तारांची जोडी असेल, तर व्ही-३४ मानकाचा वेग, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ३३,६०० बिट, हीच मर्यादा. पावसाळ्यात केबलच्या सांध्यात पाणी शिरून लाइनवर खरखर सुरू झाली की मोडेम आपापसांत बोलून वेग आणखी खाली आणतात. एवढ्या वेगावर चित्रांनी भरलेली पाने उघडण्याची अपेक्षा ठेवू नये. पण अक्षरांच्या पडद्यावर बसून एखादी सेवा पुन्हा सुरू करणे, लॉग (यंत्राने आपोआप लिहिलेल्या नोंदी) वाचणे किंवा नोंद दुरुस्त करणे यासाठी तो पुरतो.

मोडेम संगणकाच्या सिरीयल पोर्टला, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणाऱ्या खाचेला, जोडतात. लिनक्सवर पहिल्या पोर्टचे नाव टीटीवाय-एस-० असे असते. पोर्टचा वेग तारेच्या वेगाइतका ठेवायचा नसतो, तो बराच जास्त, सहसा १,१५,२०० ठेवतात, कारण मोडेम मजकूर दाबून लहान करून पाठवतो आणि दुसऱ्या टोकाला उलगडून देतो. त्या वेळी त्याला संगणकाकडून तारेच्या वेगापेक्षा जास्त वेगाने मजकूर हवा असतो. अशा वेळी कोणी कोणाला थांबवायचे, यासाठी आरटीएस आणि सीटीएस या दोन वेगळ्या तारा असतात आणि त्यांचा वापर सुरू करणे अनिवार्य आहे. तो सुरू नसला तर लहान संदेश नीट जातात, मोठी फाइल मात्र मध्येच बिघडते, आणि माणूस दोष टेलिफोन लाइनला देत बसतो.

मोडेमला आज्ञा देण्याची भाषा एटी या दोन अक्षरांनी सुरू होते. हेज कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या मोडेमपासून ती रूढ झाली आणि पुढे सगळ्यांनीच उचलली. आपल्याला तिच्यातल्या मोजक्या आज्ञा लागतात. अँड-सी-१ सांगितल्यावर पलीकडचा मोडेम जोडलेला आहे की नाही ही खबर मोडेम संगणकाला खरी देतो. अँड-डी-२ सांगितल्यावर संगणकाने आपली डीटीआर ही तार खाली केली की मोडेम फोन ठेवतो. या दोन आज्ञांशिवाय सर्व्हरला पलीकडचा माणूस निघून गेल्याचे कळत नाही आणि फोन खात्रीने ठेवताही येत नाही. कॉलबॅकचा सगळा भरवसा ‘फोन खरोखर ठेवला गेला’ या एका घटनेवर असल्यामुळे या बाबतीत हयगय चालत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मोडेममधला एस-० हा कप्पा. त्यात किती घंट्यांनंतर आपणहून फोन उचलायचा तो आकडा असतो. तो शून्य ठेवायचा, म्हणजे मोडेम स्वतःच्या मनाने फोन उचलणार नाही. असे का, ते पुढच्या भागात येते.

दार सांभाळणारा प्रोग्राम

युनिक्समध्ये बाहेरून जोडलेल्या पडद्यावर ‘लॉगिन’ हा शब्द दाखवून नाव विचारण्याचे काम गेटी नावाचा लहानसा प्रोग्राम करतो. मोडेमसाठी त्याची सुधारलेली आवृत्ती एमगेटी ही आहे, जी जर्मनीच्या गर्ट डोरिंग यांनी लिहिली. ती पोर्टवर शांतपणे बसून राहते. घंटा वाजली की मोडेम पोर्टवर ‘रिंग’ असा शब्द पाठवतो. तो वाचल्यावर एमगेटी स्वतः फोन उचलण्याची आज्ञा देते. मोडेमला आपणहून फोन उचलू द्यायचा नाही याचे कारण हेच, की निर्णय संगणकाच्या हाती राहावा. संगणक बंद पडलेला असताना मोडेम फोन उचलून निरर्थक शीळ घालत बसत नाही, हा त्यातला आणखी एक लाभ.

कॉलबॅकच्या दृष्टीने एमगेटीचा मोठा गुण वेगळाच आहे. जो पोर्ट फोन घेतो, तोच पोर्ट बाहेर फोन लावण्यासाठीही दुसऱ्या प्रोग्रामला वापरता येतो. दोघांची धडक होऊ नये म्हणून एक जुना रिवाज आहे: पोर्ट वापरणारा प्रोग्राम ठरलेल्या फोल्डरमध्ये पोर्टच्या नावाची एक कुलूप-फाइल ठेवतो आणि तिच्यात स्वतःचा क्रमांक लिहितो. एमगेटी ती फाइल पाहते, बाजूला होते, आणि कुलूप निघाले की मोडेम पुन्हा सज्ज करून जागेवर बसते. फ्रीबीएसडी या युनिक्सच्या कुळातल्या दुसऱ्या प्रणालीमध्ये हा प्रश्न एका पोर्टला दोन नावे देऊन सोडवला आहे. एक नाव येणाऱ्या फोनसाठी, जे उघडले तर मोडेम जोडला जाईपर्यंत प्रोग्राम थांबून राहतो; दुसरे नाव जाणाऱ्या फोनसाठी, जे लगेच उघडते.

आता प्रत्यक्ष कॉलबॅक. एमगेटीची लॉगिन डॉट कॉन्फिग नावाची एक फाइल असते. तिच्यात प्रत्येक ओळीवर एक नाव आणि त्या नावाने कोणी आले तर कोणता प्रोग्राम चालवायचा ते लिहितात. एमगेटीबरोबरच कॉलबॅक याच नावाचा एक प्रोग्राम मिळतो. एखाद्या नावापुढे तो प्रोग्राम आणि त्याला द्यायचा नंबर लिहिला, की त्या नावाने आलेल्याचा फोन ठेवून दिला जातो, ठरलेल्या नंबरावर फोन लावला जातो, आणि तो लागल्यावर पुन्हा लॉगिनचा प्रश्न येतो. त्या दुसऱ्या खेपेला माणूस आपले खरे नाव आणि पासवर्ड देतो. इथे लक्षात ठेवायची गोष्ट अशी की पहिल्या खेपेचे नाव फक्त उलट फोन मागवण्यापुरते असते. ते कोणाला कळले तरी फार तर बाईंच्या घरी अवेळी घंटा वाजेल. आत मात्र कोणी शिरणार नाही. तरीही अशी घंटा वारंवार वाजू लागली तर ती सूचना समजून लॉग तपासावा.

हाच परिणाम हाताने लिहिलेल्या छोट्या स्क्रिप्टनेही, म्हणजे आज्ञांच्या फाइलनेही, साधता येतो, आणि यंत्रणा कशी चालते हे समजण्यासाठी ती एकदा लिहून पाहावी असे माझे आग्रहाचे मत आहे. उलट फोन मागणाऱ्या नावाला नेहमीचे शेल, म्हणजे आज्ञा स्वीकारणारा प्रोग्राम, न देता ही स्क्रिप्ट शेल म्हणून द्यायची. स्क्रिप्ट वहीतून नंबर शोधते, एका मिनिटानंतर फोन लावण्याचे काम ‘ॲट’ या प्रोग्रामकडे सोपवते, आणि स्वतः संपते. ती संपली की फोन ठेवला जातो. मिनिटभराने चॅट नावाचा प्रोग्राम मोडेमशी ठरलेला संवाद करून नंबर फिरवतो. या स्क्रिप्टमध्ये तीन पथ्ये पाळावी लागतात. पलीकडून येणारे कोणतेही अक्षर नंबर म्हणून स्वीकारायचे नाही. मध्येच कळ दाबून स्क्रिप्ट थांबवणाऱ्याच्या हाती मोकळे शेल लागणार नाही याची खात्री करायची. आणि स्क्रिप्टला पोर्ट वापरण्यापुरतीच परवानगी द्यायची, सगळ्या यंत्राची नाही. लिनक्सच्या वितरणानुसार (आवृत्तीनुसार) डायलआउट किंवा यूयूसीपी नावाचा गट त्यासाठी असतो.

पीपीपीच्या आत होणारा करार

वरची पद्धत अक्षरांच्या पडद्यावर चालते. परंतु घरचा संगणक कार्यालयाच्या नेटवर्कचाच एक भाग व्हावा असे वाटत असेल, तर तारेवरून पीपीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे दोन संगणकांनी आपसांत बोलण्याचे ठरलेले नियम, चालवावा लागतो. त्याचे मुख्य मानक जुलै १९९४ मध्ये आरएफसी १६६१ म्हणून प्रसिद्ध झाले (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज). पीपीपी बोलणारे पुष्कळसे प्रोग्राम, विशेषतः विंडोजमधली डायल-अप जोडणी, लॉगिनच्या प्रश्नाची वाटच पाहत नाहीत. फोन लागताच पीपीपीची पाकिटे, म्हणजे माहितीचे छोटे गठ्ठे, पाठवू लागतात. एमगेटी ही पाकिटे ओळखते आणि लॉगिन विचारण्याऐवजी सरळ पीपीपीडी हा प्रोग्राम चालवते. या सोयीला ऑटो-पीपीपी म्हणतात. मग लॉगिनवर टांगलेला कॉलबॅक घडणार कधी? त्यासाठी करार पीपीपीच्या आतच व्हावा लागतो.

पीपीपीची बोलणी टप्प्याटप्प्याने होतात. पहिल्या टप्प्यात, ज्याला एलसीपी म्हणतात, दोन्ही बाजू तारेविषयीचे नियम ठरवतात. दुसऱ्यात ओळख पटवतात. तिसऱ्यात नेटवर्कचे पत्ते वाटून घेतात. जानेवारी १९९४ च्या आरएफसी १५७० ने पहिल्या टप्प्यात कॉलबॅकची मागणी करण्याची सोय केली. मागणीचे काही प्रकार तिथे सांगितलेले आहेत. त्यांतला एक म्हणतो, ‘माझी ओळख पटली की तुझ्याजवळच्या नोंदीप्रमाणे फोन कर.’ दुसरा म्हणतो, ‘हा नंबर घे, याच्यावर फोन कर.’ सुरक्षितता आणि बचत यांतला जो भेद वर सांगितला, तो इथे अशा रीतीने मानकातच उमटलेला आहे, आणि सर्व्हर कोणता प्रकार मान्य करतो यावर सगळे अवलंबून आहे. मायक्रोसॉफ्टने याच कामासाठी सीबीसीपी नावाचा वेगळा करार वापरला. तो ओळख पटल्यानंतर आणि पत्ते वाटण्याआधी चालतो, आणि विंडोजच्या संगणकांना तोच समजतो.

लिनक्सच्या पीपीपीडीमध्ये सीबीसीपी आहे, पण तो उलट फोन मागणाऱ्याच्या बाजूने. उलट फोन लावणाऱ्या सर्व्हरची भूमिका त्यात मुळात नाही. म्हणून लिनक्सवर अक्षरी लॉगिनचा मार्ग किंवा स्वतःची स्क्रिप्ट हाच सरळ उपाय ठरतो. फ्रीबीएसडीचा पीपीपी प्रोग्राम मात्र दोन्ही भूमिका आणि दोन्ही प्रकारचे करार जाणतो. त्याच्या पीपीपी डॉट सीक्रेट या फाइलमध्ये प्रत्येक माणसाची एक ओळ असते: नाव, पासवर्ड, द्यायचा पत्ता, एक खूणचिठ्ठी, आणि पाचव्या रकान्यात उलट फोनचा नंबर. मी लेखाच्या सुरुवातीपासून जिला वही म्हणतो आहे, ती तिथे अक्षरशः एका रकान्यात मावलेली दिसते. ज्यांना हे सगळे एकाच ठिकाणी, कमीत कमी जोडकामात हवे आहे, त्यांच्यासाठी ही मांडणी मला अधिक स्वच्छ वाटते.

ओळख पटवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पॅपमध्ये पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जातो. चॅपमध्ये सर्व्हर एक आकडा पाठवतो, घरचा संगणक तो आकडा आणि गुप्त शब्द एकत्र घोटून उत्तर काढतो, आणि फक्त ते उत्तर तारेवरून जाते; तार ऐकणाऱ्याच्या हाती शब्द लागत नाही. चॅपची अट अशी की तो गुप्त शब्द सर्व्हरवर उघड्या रूपात साठवावा लागतो, तेव्हा ती फाइल मुख्य प्रशासकाशिवाय कोणालाही वाचता येणार नाही अशी ठेवायची. टेलिफोनच्या तारेवर मी चॅपलाच पसंती देईन, आणि त्याचे कारण पुढच्याच भागात आहे.

ठेवलेला फोन खरोखर ठेवला गेला का

या विषयातला हा सर्वांत नाजूक भाग. आपण रिसीव्हर ठेवला की फोन तुटला असे आपण धरून चालतो. परंतु अनेक टेलिफोन एक्सचेंजमध्ये जोडणीवर ताबा फोन करणाऱ्याचा असतो. ज्याला फोन आला त्याने रिसीव्हर ठेवला तरी करणाऱ्याने तो ठेवलेला नसेल, तर जोडणी काही काळ तशीच राहते. घरी आलेला फोन एका खोलीत ठेवून दुसऱ्या खोलीत उचलला तरी बोलणे पुढे सुरू राहते, हा पुष्कळांचा अनुभव याच गुणधर्मातून येतो.

आता चोराच्या बाजूने पाहा. त्याने बाईंचे नाव व पासवर्ड मिळवून सर्व्हरला फोन केला. सर्व्हरने फोन ठेवला, पण चोराने ठेवला नाही. सर्व्हरने त्याच लाइनवर पुन्हा फोन उचलला, तेव्हा चोराने डायल टोनसारखा आवाज ऐकवला. सर्व्हरने नेरूळचा नंबर फिरवला; ते आकडे एक्सचेंजकडे जाण्याऐवजी चोराच्या कानात गेले. मग चोराच्या मोडेमने, उत्तर देणारा मोडेम करतो तसा २१०० हर्ट्झचा आवाज काढला, आणि सर्व्हर समजला की नेरूळचा फोन लागला. वहीतला नंबर बरोबर होता, फिरवलेला नंबरही बरोबर होता, आणि तरीही जोडणी भलत्याच ठिकाणी झाली.

भारतात या धोक्यात आणखी भर पडते ती एका तांत्रिक योगायोगाने. आपल्याकडचा डायल टोन ४०० हर्ट्झचा आणि २५ हर्ट्झने हेलकावणारा असतो. अमेरिकेत ३५० आणि ४४० हर्ट्झ असे दोन सूर एकत्र वाजतात. अमेरिकी बाजारासाठी बनलेल्या मोडेमना आपला टोन कधी कधी ओळखूच येत नाही. ते ‘नो डायल टोन’ म्हणून नंबर लावायला नकार देतात, आणि मग कोणीतरी जाणकार एक्स-३ ही आज्ञा घालून देतो, जिच्यामुळे मोडेम टोनची वाट न पाहता आंधळेपणाने नंबर फिरवतो. घरून इंटरनेटला जोडण्यासाठी हा उपाय निरुपद्रवी होता. कॉलबॅकच्या सर्व्हरवर मात्र तो घातक आहे, कारण आता चोराला खोटा टोन वाजवण्याचेही कष्ट उरत नाहीत. त्याने नुसता फोन धरून ठेवला की पुरे. योग्य मार्ग म्हणजे मोडेममध्ये देशाची निवड भारत अशी करणे आणि एक्स-४ ठेवून टोन ऐकल्याशिवाय नंबर लावू न देणे. कार्यालयाच्या आतल्या एक्सचेंजमधून बाहेरची लाइन घ्यायला आधी शून्य फिरवावा लागत असेल, तर शून्यानंतर डब्ल्यू हे अक्षर लिहावे, म्हणजे मोडेम दुसरा टोन ऐकेपर्यंत थांबतो. स्वल्पविराम लिहिला तर तो नुसता दोन सेकंद थांबतो आणि काही न ऐकताच पुढे जातो.

एवढे करूनही खोटा टोन वाजवणारा चोर शिल्लक राहतोच. त्याच्यावरचा खात्रीचा उपाय एकच: ज्या लाइनवर फोन आला, त्या लाइनवरून उलट फोन लावायचाच नाही. कार्यालयात दोन लाइन आणि दोन मोडेम ठेवायचे. एक फक्त घेणारा, दुसरा फक्त लावणारा. लावणाऱ्या लाइनवर बाहेरून फोन येऊच शकणार नाही अशी व्यवस्था दूरध्वनी कंपनीकडून करून घ्यायची. दुसऱ्या लाइनचे भाडे परवडत नसेल तर उलट फोनाआधीचा अवकाश वाढवायचा आणि दर वेळी तो वेगळा ठेवायचा. पण हे दुय्यम समाधान आहे, आणि दुय्यम म्हणूनच ते स्वीकारावे. ते स्वीकारताना आणखी एक शक्यता ध्यानात घ्यावी: सर्व्हर नंबर फिरवण्यासाठी लाइन उचलतो त्याच क्षणी बाहेरून दुसराच फोन येऊन पोहोचू शकतो.

लाइन बरोबर असली तरी तिच्या पलीकडे कोण आहे ते कॉलबॅक सांगत नाही. बाईंच्या घरच्या लाइनवर कोणी कॉल दुसरीकडे वळवण्याची सेवा चालू करून ठेवली असेल, तर उलट फोन निमूटपणे तिकडे जाईल. आपल्याकडच्या अनेक इमारतींत टेलिफोनची पेटी जिन्याखाली असते आणि तिला कुलूप असतेच असे नाही. तिथे दोन चिमटे लावणारा माणूसही त्या नंबराचा धनी बनू शकतो. म्हणून उलट फोन लागल्यावर ओळख पुन्हा, आणि ती चॅपसारख्या पद्धतीने पटवायची, म्हणजे तार ऐकणाऱ्याला काही उपयोगाचे मिळत नाही. पहिल्या फोनवर ओळख पटली होती एवढ्यावर दुसरा फोन मोकळा सोडणे ही या पद्धतीतली मोठी ढिलाई आहे. घरच्या लाइनवर कॉल वेटिंग असेल तर तेही बंद करून घ्यावे. त्याच्या सूचक आवाजाने जोडणी तुटते.

जिथे नंबर दाखवण्याची सेवा आणि ती वाचू शकणारा मोडेम दोन्ही आहेत, तिथे फोन न उचलताच उलट फोन लावता येतो, म्हणजे मिस्ड कॉलचीच पद्धत. त्यात पहिल्या फोनचा खर्चही वाचतो. मात्र दिसणारा नंबर खोटा असू शकतो, तेव्हा तो फक्त इशारा मानायचा; पुरावा नव्हे.

नेटवर्कची बाजू

जोडणी झाल्यावरचा भाग सरळ आहे. पीपीपीडीला दोन पत्ते द्यायचे, एक सर्व्हरचा आणि एक घरच्या संगणकाला द्यायचा. दुसरा पत्ता कार्यालयाच्या नेटवर्कमधलाच, पण कोणालाही न दिलेला असावा. प्रॉक्सी-एआरपी हा पर्याय चालू केला की कार्यालयातल्या बाकीच्या संगणकांना नेरूळचा संगणक आपल्याच दालनात आहे असे वाटते, आणि कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, पाकिटे पुढे पाठवण्याची परवानगी दिली की तो त्यांच्यापर्यंत पोहोचतो. ही परवानगी देतानाच फायरवॉलमध्ये, म्हणजे ये-जा अडवणाऱ्या नियमांमध्ये, त्या पत्त्याला कुठे जाता येईल तेही आखून द्यावे. काही मिनिटे काहीच देवाणघेवाण झाली नाही तर फोन ठेवण्याची मर्यादा घालावी, कारण आता बिल कार्यालयाचे आहे. ठरावीक अंतराने पलीकडे हाक मारून उत्तर येते की नाही हे पाहणारा एलसीपी-एको पर्यायही चालू ठेवावा. ३३,६०० च्या वेगावर १५०० बाइटचे एक पाकीट जायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, तेव्हा फाइल जात असताना टाइप केलेली अक्षरे अडखळत उमटली तर पाकिटाचा आकार कमी करून पाहावा.

घरच्या बाजूला विसरता येत नाही. पहिला फोन तुटल्यावर तिथल्या संगणकाने हार न मानता घंटेची वाट पाहायची असते. विंडोजमध्ये हे आपोआप होते. लिनक्सवर चॅटच्या स्क्रिप्टमध्ये, ‘दोन-तीन मिनिटांपर्यंत रिंग शब्दाची वाट पाहा आणि तो आला की उचलण्याची आज्ञा दे’, असे लिहावे लागते. त्या वेळात घरातल्या कोणी समांतर जोडलेला फोन उचलला तर सगळे पहिल्यापासून, म्हणून सर्व्हरनेही एका प्रयत्नात न थांबता थोड्या अंतराने दोन-तीनदा नंबर लावावा, आणि त्यानंतर मात्र थांबावे.

आज ठाण्यात किंवा नवी मुंबईत हे बसवायचे तर आधी लाइन कशी आहे ते विचारावे. फायबरच्या खोक्यातून मिळणारा लँडलाइन फोन आवाजाची पाकिटे करून पाठवतो. आवाज जास्त दाबला जात असेल तर त्यातून मोडेमची बोलणी टिकत नाहीत. सेकंदाला ६४,००० बिटांची, न दाबलेली जी-७११ पद्धत असेल तर कमी वेगावर टिकू शकतात, पण एखादे पाकीट हरवले तरी जोडणी तुटण्याचा धोका राहतो.

शेवटी राहते ती वही. तिच्यातला नंबर बदलण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याच्या हातात हे दार आहे. बाई नेरूळहून खारघरला राहायला गेल्या आणि त्यांनी नवा नंबर कळवला, तर तो फोनवरून किंवा ईमेलवरून आलेल्या निरोपावर विसंबून लिहू नये. त्या कार्यालयात आल्यावर समोरासमोर घ्यावा, जुनी नोंद लगेच खोडावी, आणि नव्या नंबरावर एकदा उलट फोन लावून पाहावा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची ओळ त्याच दिवशी काढावी. कोणाच्या नावाने, केव्हा, कोणत्या नंबरावर फोन गेला आणि तो किती वेळ चालला, हे एमगेटी आणि पीपीपीडी आपापल्या लॉगमध्ये लिहीत असतात. महिन्याचे टेलिफोन बिल आले की ते या लॉगशेजारी ठेवून ओळीने ताडून पाहावे.